तांबडी सुर्लाचं देऊळ आणि यंदा न रंगवलेलं वृंदावन

या ब्लॉगवर बरेच महिने काही लिहिलं नव्हतं. दोघा-तिघा वाचकांनी विचारलं, त्यांना उत्तर दिलं नाही. इथले आतापर्यंतचे सगळे प्रवास दोघांचे आहेत. मी गाडी चालवायचो आणि घरी आल्यावर लिहायचो. कुठे थांबायचं, काय खायचं आणि कधी परत फिरायचं हे माझी बायको नलिनी ठरवायची. ती चैत्रात गेली. त्याबद्दल इथे अधिक लिहिणार नाही. तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळाबद्दल लिहितो. तिथे जायचं आम्ही पुष्कळदा ठरवलं होतं, आणि दरवेळी तिच्या माहेरी कारापूरला चहाला थांबून तिथूनच परत फिरलो होतो.

खरं तर यंदाही मी कारापूरपर्यंतच निघालो होतो. काम वेगळं होतं.

आमचं घर पेडणे तालुक्यात, कोरगावला. दारात काळ्या दगडाचं तुळशीवृंदावन आहे, कमरेएवढं. ते नलिनीच्या माहेरचं. आमच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत कारापूरच्या घराचं अंगण नव्याने केलं, तेव्हा ते काढून टाकणार होते. तिने ते टेंपोत घालून आमच्याकडे आणलं. दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी ती ते ऑइल पेंटने स्वतः रंगवायची, अंग निळं आणि कंगोरे पिवळे. त्या आठवड्यात ती मला बाजारात पाठवायची. ऊस, चिंचा, आवळ्याची फांदी, रंगाचे लहान डबे, ब्रश आणि पुट्टीची पुडी, एवढं मी आणायचो. तुळशीचा नवरा म्हणून आमच्याकडे दिंड्याची काठी उभी करतात. ती शेजारचं कोणीतरी रानातून आणून द्यायचं.

घरातलं माणूस गेलं की आम्ही वर्ष पाळतो. सण नाही, तुळशीचं लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणून वृंदावनाला रंगही नाही. यंदाच्या पावसात जुन्या रंगाचे पोपडे निघाले आणि स्वयंपाकघराच्या बाजूला वृंदावनाला तडा दिसला. वरच्या काठापासून थेट खाली, नखाएवढा रुंद.

तो पहिल्यांदा वयनीने पाहिला. वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. घरं दोन असली तरी अंगण एकच आहे.

"फुटलेला वृंदावन दारात ठेवचा नाय," ती म्हणाली. "ती गेली आनी ह्या फुटला. आनी काय होवची वाट बघतास?"

भावाने म्हापशाला टाइल्स लावलेलं तयार वृंदावन सांगून ठेवलं. ते टेंपोतून यायचं, तुळस त्यात लावायची, आणि जुनं त्याच टेंपोतून नेऊन तेरेखोल नदीत सोडायचं, असं ठरलं. मला विचारलं नाही असं नाही. विचारलं, मी गप्प राहिलो, आणि आमच्या घरात मी गप्प राहिलो म्हणजे हो, असंच धरतात. शेवटी एवढंच म्हणालो, की ते कारापूरचं आहे, शोभाताईंना विचारायला हवं. शोभाताई म्हणजे नलिनीची मोठी बहीण. त्यांना गावातच दिलं आहे. माहेर आणि सासर एकाच वाड्यावर.

"विचारा मगे," वयनी म्हणाली. "पण टेंपो सोमवारी येतलो."

मी शोभाताईंना फोन केला आणि रविवारी येतो एवढंच सांगितलं. बाकीचं फोनवर सांगायला जमेना.

रविवारी उजाडताना निघालो. कोरगावहून पेडणे, मग धारगळ. मोप्याच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता इथे फुटतो, त्यामुळे या भागात टॅक्सीवाले फार वेगात असतात. नवख्याने सांभाळून चालवावं. कोलवाळचा पूल ओलांडला की म्हापशात न शिरता थिवीकडे वळावं. थिवी, अस्नोडा, मुळगाव करत डिचोली लवकर येते आणि बाजाराच्या दिवशीची गर्दी टळते. डिचोलीला बसस्टँडजवळ नाश्ता केला. भाजी, उंडे म्हणजे गोल पाव, तळलेली मिरची, चहा. पन्नासच्या नोटेवर थोडे पैसे घालावे लागले. वेटरने विचारलं, "पातळ की मिक्स?" मला सांगता येईना. नेहमी खायचो ते काय होतं हे मला खाल्ल्याशिवाय कळलं नसतं. मिक्स मागितली. तीच होती.

कारापूरला पोचलो तेव्हा शोभाताई सोप्यावर तयार बसल्या होत्या. ठेवणीतली साडी, पायांशी पिशवी. त्या साठीच्या पुढच्या आहेत, पण बोलण्यात आणि चालण्यात माझ्या दुप्पट वेग.

"भावजी, चाय हांगा घेतात काय वाटेर?"

"वाटेर? खंय जातंव आपण?"

"तांबडी सुर्ला. तिका न्हेली ना तुमी. दर पावटी पुढच्या पावटी, पुढच्या पावटी. आतां म्हाका तरी न्हेयात. पोळे बांदल्यात, चटणी बांदल्या."

संध्याकाळपर्यंत परत आणू नका म्हणून आतून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "न्हेयात, न्हेयात. सांजेसर हाडूं नाकात!"

नलिनीला कधी नेलं नाही हे खरंच होतं, पण मी म्हणालो की मला वृंदावनाबद्दल विचारायचं होतं. "तें वाटेर," त्या म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मग मी म्हणालो की माझं वर्ष चालू आहे, वर्षाच्या आत देवदर्शनाला गेलेलं वयनीला चालणार नाही.

"दर्शन हांव घेतां. तुमी देवूळ पळयात. देवूळ पळोवंक सुतक लागना."

देऊळ नुसतं बघायला सुतक नाही, हे मी मान्य केलं. गाडी सुरू केली.

साखळीहून हरवळेमार्गे पाळीला आलं की प्रदेश बदलतो. हा खाणींचा पट्टा. रस्त्याकडेची झाडं, भिंती, बसथांब्याची बाकं, सगळ्यावर तांबडी धूळ असते. खनिजाचे ट्रक चालू असतील त्या दिवशी इथे फार वेळ जातो, म्हणून शक्यतो रविवारीच जावं. आम्हाला वाट मोकळी मिळाली. पाळीहून उसगाव, तिस्क आणि मग फोंडा-बेळगाव महामार्ग. धारबांदोड्याहून डावीकडे साकोर्ड्याच्या बाजूला वळलो. मोलेपर्यंत पुढे जाऊनही वळता येतं. पेट्रोल महामार्गावरच भरून घ्यावं. बोळकर्ण्यानंतर मोबाइलला रेंज मिळत नाही आणि दुकानं जवळजवळ नाहीत. शेवटचा रस्ता अरुंद, पण चांगला आहे. दोन्ही बाजूंनी जंगल इतकं जवळ येतं की दिवसाही काचेत अंधार वाटतो.

वाटेत शोभाताई वाड्यावरच्या प्रत्येक घराबद्दल बोलल्या. वृंदावनाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढता आला नाही.

गाडी लावायला जागा आहे. तिथे शहाळी आणि कोकम सरबत मिळतं. पुढे बागेतून थोडं चाललं की देऊळ एकदम समोर येतं. पहिली गोष्ट जाणवते ती ही, की ते लहान आहे. फोटोत आजूबाजूला माणूस नसतो, त्यामुळे अंदाज येत नाही. कोल्हापूरकडचं एक कुटुंब आमच्या पुढे होतं. त्यातले गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढंच व्हय? म्या म्हटलं लई मोठं असंल."

मोठंच बघायचं तर विमानतळावर जा म्हणावं, अशा अर्थी शोभाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "व्हड जाय जाल्यार मोपाक वच म्हणचें. थंय विमानांय दिसतात."

देऊळ बाराव्या-तेराव्या शतकातलं, कदंब राजांच्या काळातलं मानतात. गोव्यात आपण जी देवळं बघतो, घुमटाची, दीपमाळेची, चुन्याने रंगवलेली, त्यांच्याशी याचं काही नातं दिसत नाही. ती बहुतेक सगळी पुष्कळ नंतरची आहेत. हे पूर्ण काळ्या दगडाचं, चुना नाही, गिलावा नाही. आजूबाजूची जमीन जांभ्याची आहे, म्हणून हा दगड घाटावरून आणला असं सांगतात. कसा आणला हे सांगणारं कोणी भेटलं नाही. घाट मात्र देवळाच्या मागेच उभा आहे, त्यामुळे मान वर केली की तो प्रश्न आपोआप पडतो.

माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या नळांचे नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे कोणतंही बांधकाम दिसलं की मी आधी सांधे बघतो. इथे ते बघण्यासारखे आहेत. दगडावर दगड नुसता बसवलेला आहे, मधे काही नाही. वरच्याचं वजन खालच्याला धरून ठेवतं. काही ठिकाणी सांधा केसाएवढा आहे, काही ठिकाणी दगड काळाने सरकून बोट जाईल एवढी फट पडली आहे. फट पडली तरी दगड जागच्या जागी आहे.

मांडणी साधी आहे. समोर खांबांचा मंडप, मग अंतराळ म्हणजे गाभाऱ्यापुढची लहान जागा, मग गाभारा. तोंड पूर्वेला. उगवतीचे किरण थेट पिंडीपर्यंत जातात असं म्हणतात. ते बघायचं तर आदल्या रात्री मोले भागात राहावं लागेल. आम्ही पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. मंडप तीन बाजूंनी उघडा आहे आणि कडेने बसायला दगडी बैठक आहे. चपला बाहेर काढून आत पाऊल ठेवलं की तळव्याला गारवा लागतो. मधले चार खांब नीट बघावेत. कुठे चौकोनी, कुठे अनेक कोनांचे, आणि मधेच इतके गोल की चाकावर फिरवून काढल्यासारखे वाटतात. एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला पायाखाली घेतो आहे, ते पटकन दिसत नाही. खाली बसून बघावं लागतं. छताकडे बघितलं तर एकात एक तिरके बसवलेले चौकोन लहान लहान होत वर जातात आणि शेवटी कमळ येतं. सगळ्या देवळात जास्तीत जास्त काम या कमळावर झालं आहे. त्याच मंडपाचं छप्पर बाहेरून बघितलं तर अगदी साध्या उतरत्या फरशा आहेत. आत कमळ आहे याची बाहेरून कल्पनाही येत नाही.

अंतराळाच्या दाराला दोन्ही बाजूंना दगडी जाळी आहे, चारपाकळी फुलांची. मी तिथपर्यंत गेलो आणि थांबलो. शोभाताई पुढे गेल्या. जाळीतून त्यांचे वाकलेले खांदे दिसत होते. त्या बराच वेळ उठल्या नाहीत. मी तेवढ्यात बाहेर जाऊन देवळाला फेरी घातली.

बाहेरच्या भिंती जवळजवळ कोऱ्या आहेत. नक्षी सगळी शिखरावर आहे. तीन बाजूंना ब्रह्मा, विष्णू आणि शिव. शिखराचा माथा मात्र नाही. तो पडला की बसवलाच नव्हता, याबद्दल तिथल्या दोघांनी मला दोन वेगळी उत्तरं दिली. मागच्या बाजूला नदीचा आवाज येतो. पाऊस नुकताच संपलेला, पाणी भरपूर होतं. पायऱ्यांनी खाली उतरता येतं, शेवाळ असतं, सांभाळून उतरावं. एक मुलगी फोटोसाठी जोत्यावर चढत होती, तिला रखवालदाराने शिट्टी मारली. ती म्हणाली, "काका, एकच!" तो म्हणाला, "हांव एकाकच शिट्टी मारतां."

परत मंडपात आलो तेव्हा शोभाताई नंदीसमोर उभ्या होत्या. मंडपाच्या मधे, पिंडीकडे तोंड करून नंदी बसला आहे. तोंड म्हणायचं, पण त्याला डोकं नाही. मानेपासून वर दगड तुटलेला आहे. पाठीवर ताजं जास्वंदीचं फूल होतं, आणि तुटलेल्या मानेवर आणखी एक.

पूजेचं आटोपून एक गृहस्थ तांब्या घेऊन बाहेर येत होते. शोभाताईंनी त्यांना अडवलं.

"भटजीबाब, ह्या नंदीक तकली ना."

"ना," ते म्हणाले. हा प्रश्न त्यांना रोज येत असावा.

"मोडिल्ले मूर्तीक पुजूं नये म्हणटात न्हय?"

"म्हणटात." त्यांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "पूण तकली गेली म्हणून तो उठून गेलो ना न्हय? बसला थंयच बसला, देवाक पळयत. मागीर आमी फूल कित्याक चुकोवचें?"

तो देवाकडे बघत बसलाच आहे तर फूल का चुकवायचं, एवढंच विचारून ते चपला शोधायला गेले. शास्त्रात काय आहे मला माहीत नाही आणि त्यांनीही ते सांगितलं नाही.

आम्ही मंडपाच्या कडेच्या बैठकीवर बसलो. कोल्हापूरची मंडळी नदीकडे गेली होती. शोभाताईंनी शेजारच्या दोन दगडांमधल्या सांध्यावरून बोट फिरवलं, वरून खाली.

"आमच्या लोकांनी हाका अजून ऑइल पेंट कसो मारूंक ना?"

"सरकारी आसा म्हणून वाचला," मी म्हणालो.

त्या हसल्या. मग मला बोलता आलं. रंगाचा विषय निघाला होता म्हणूनच बहुतेक. मी म्हणालो, "वृंदावनाचो रंग पावसात गेलो. यंदा लावूक नाय. आनी एका बाजून तडो गेलो. वयनी म्हणता ती गेली म्हणून फुटला, ता दारात नको. उद्या टेंपो येतलो. तुमका विचारूक इल्लंय."

त्यांनी बोटाने हवेत वरून खाली रेघ ओढली. "तडो वयल्यान सकयल गेला?"

"होय."

"वयर काठार एक टवको उडला? इतलो?" त्यांनी मूठ दाखवली.

तो टवका होता. मी तो या पावसाचाच समजलो होतो.

"अरे देवा, भावजी! तो नारळाचो तडो!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की रखवालदाराने वळून बघितलं. "आमी न्हान आसतना माडावयलो नारळ पडलो तेजेर. म्हजी आजी म्हणटाली, उडय तें न्हंयेंत. आवय म्हणाली, तुळस जिती आसा, हांव उडोवचें ना. चुनो आनी गूळ घालून भरलो तिणें, वयर रंग. दर वर्सा लग्नाच्या आदीं भरताली. आमी दोगांय तेल हाडून दिवपाक आसतालीं."

मी विचारलं, आजी नदीत टाकायला सांगत होती ते आईने चुना-गुळाने भरून ठेवलं, हे नलिनीला माहीत होतं?

"माहीत? व्हरतना तीच म्हाका म्हणाली, शोभा, सांगूं नाका हां. पयल्याच वर्सा फुटकें वृंदावन घेवन आयलें म्हणून सासू परत धाडटली. वृंदावनाक न्हय, म्हाका." त्यांना हसू आलं आणि त्याच हसण्यात त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "सासू गेल्या उपरांत तरी सांगलें आसतलें म्हणून म्हाका दिसलें."

सांगितलं नव्हतं.

"भरताली कित्यान? चुन्यान?"

"पुट्टीन," मी म्हणालो.

"कोण हाडटालें?"

"मी."

"आनी कित्याक तें विचारूंक ना केन्नाच?"

"रंगाच्या वांगडा लागता असां वाटला."

शोभाताईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "बरें केलें. विचारलें आसतें जाल्यार तिका सांगचें पडटलें."

मी पुन्हा मूळ प्रश्नावर आलो. ते ठेवायचं की नाही? वृंदावन त्यांच्या आईचं, निर्णय त्यांचा.

"म्हज्या आवयचें आसलें. मागीर तिचें जालें. आतां तुमच्या दारांत आसा. म्हाका कित्याक विचारतात?" त्या उठल्या. "चलात. भूक लागली."

पोळे, म्हणजे तांदळाची घावनं, आणि चटणी बाहेर, गाडीजवळच्या झाडाखाली खाल्ली. देवळाच्या आवारात खाऊ देत नाहीत आणि माकडं येतात. परतताना तिस्कला जेवलो. बांगड्याचं हुमण, भात, सोलकढी. मासळीचं ताट परवडण्यासारखं होतं आणि हुमण चांगलं होतं. पाळीच्या रस्त्यावर शोभाताई झोपल्या. कारापूरला त्यांना सोडलं, त्यांचे यजमान सोप्यावर उभे होते. "इतल्या बेगीन हाडली?" एवढ्या लवकर परत आणल्याची त्यांनी माझ्याकडे तक्रार केली. शोभाताईंनी त्यांच्या हातात रिकामा डबा दिला आणि मला म्हणाल्या, "भावजी, ओगी रावूं नाकात हां." गप्प राहू नका, म्हणजे.

घरी पोचलो तेव्हा वयनी आमच्या पायरीवर दिव्याची वात सारखी करत होती. वृंदावनाला ती दिवा लावतेच. तडा असला तरी लावत होती. मी गाडीची चावी हातात घेऊनच तिला सांगितलं. नारळ, चुना, गूळ, पुट्टी, सगळं. एवढं सलग मी तिच्याशी गेल्या कित्येक वर्षांत बोललो नसेन. 

"म्हणजे इतकी वर्सां," ती शेवटी म्हणाली, "आमी फुटक्या वृंदावनाचीच लग्नां लावलंव?"

"होय."

"आनी सासूबाई माका म्हणायची, बघ, नलूच्या माहेरचा वृंदावन कसा घट्ट आसा! माझ्या माहेरचा पाट मोडलो म्हणून जन्मभर ऐकवल्यानी माका!" तिने वात दिव्यात टेकवली. "घट्ट खंयचा! नारळान फुटलेला!"

ती रागावली होती, पण कोणावर ते तिलाही ठरवता येत नव्हतं. मी म्हणालो, "ता हलवूचा नाय."

तिने वर बघितलं.

"उद्या टेंपो येतलो," ती म्हणाली.

"येवंदे. ह्या हलवूचा नाय."

टेंपो सोमवारी आला. टाइल्सचं वृंदावन बरं दिसतं, गुलाबी आहे. ते आता भावाने भाड्याला देण्यासाठी बांधलेल्या खोल्यांपुढे आहे, आणि तिथल्या भाडेकरणीने त्यात तुळस लावली आहे. आमच्याकडे यंदा तुळशीचं लग्न झालं नाही. सगळ्या वाड्यावर फटाके वाजले, आम्ही दार लावून लवकर जेवलो. दिवा वयनीने लावला.

देवळाबद्दल कोणी विचारलं तर मी सांगतो, अर्धा दिवस पुरतो. लहान आहे म्हणून निराश होऊ नये. खांबाच्या तळाचा हत्ती आणि छताचं कमळ चुकवू नये, आणि बाहेरून फेरी घालून उतरतं छप्पर बघावं. रविवारी सकाळी जावं. पाणी न्यावं. आणि जायचं ठरलं असेल तर वाटेत कुणाच्या घरी चहाला थांबून परत फिरू नये, एवढंच.

माझ्या फोनमध्ये देवळाचे फोटो फार नाहीत. जे आहेत ते बहुतेक सांध्यांचे आहेत. एक नंदीचा आहे, पण त्यात शोभाताईंचा पदर मधे आला आहे. तो तसाच ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात नळाचा वॉशर आणायला पेडण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार ओळखीचा. मला बघून त्याने सवयीने मागच्या फळीकडे हात नेला.

"यंदा उशीर केल्यात? निळो आनी पिवळो, न्हय? आनी पुट्टी."

"यंदा नाय," मी म्हणालो.

त्याच्या लक्षात आलं. त्याने हात खाली घेतला आणि म्हणाला, "माफ करा. विसरलंय." मग वॉशर कागदात बांधताना, काहीतरी बोलायचं म्हणून, "पुढल्या वर्सा मगे. तोच रंग?"

"तोच."

"आनी पुट्टी?"

"पुट्टी पण," मी म्हणालो. आणि ती कशी भिजवायची, किती घट्ट ठेवायची आणि रंगाच्या किती आधी भरायची, ते सगळं त्याला तिथेच विचारून घेतलं.